विश्लेषण : अकरावी-बारावीच्या वर्गात निकोप नात्यांचे धडे का हवेत?

‘एकतर्फी प्रेमातून’ हे दोन शब्द डिजिटल डेस्कवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला सवयीचे झालेले असतात. एकतर्फी प्रेमातून पाठलाग, एकतर्फी प्रेमातून हल्ला, एकतर्फी प्रेमातून टोकाचे पाऊल. गाव बदलते, मथळ्याची सुरुवात तीच राहते. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळण्यात आले. २०२० मध्ये हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवण्यात आले. मधल्या तीस वर्षांत कायदे कडक झाले, चौकाचौकात कॅमेरे लागले, प्रत्येकाच्या हातात फोन आला. पण समोरच्याने ‘नाही’ म्हटल्यावर आपण काय करायचे, हे शिकवणारा तास आपल्या वेळापत्रकात अजून आलेला नाही. तो कुठे आणि कसा बसवता येईल, त्यात अडचणी काय, याचा हा आढावा.

हे अकरावी-बारावीतच का शिकवायचे?

सुरुवात खरे तर त्याआधीच व्हायला हवी. पण सोळा ते अठरा हे वय तीन कारणांनी वेगळे आहे.

पहिले कारण म्हणजे स्वातंत्र्य. दहावीपर्यंत शाळा घराजवळ असते, शिक्षक आईवडिलांना ओळखतात. अकरावीत कॉलेज बदलते, एसटीचा किंवा लोकलचा पास निघतो, स्वतःचा फोन येतो. नीट-जेईईच्या तयारीसाठी लातूरला किंवा थेट कोटाला गेलेली मुले सोळाव्या वर्षी होस्टेलवर राहू लागतात. अनेकांचे तर कॉलेज नावापुरते आणि दिवस क्लासमध्ये असा प्रकार असतो. म्हणजे विचारायला मोठे माणूस लागते, नेमक्या त्याच वयात ते जवळ नसते.

दुसरे कारण म्हणजे सवयी. रुसवा काढायचा की धमकी द्यायची, संशय आला तर विचारायचे की फोन तपासायचा, हे पहिल्या दोन-तीन नात्यांतच अंगवळणी पडते. हीच माणसे पुढे नवरा-बायको होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील विवाहित महिलांपैकी सुमारे एक चतुर्थांश महिलांनी पतीकडून हिंसा सहन केल्याचे सांगितले. त्या घरांतला पुरुष कधीतरी सतरा वर्षांचा होता आणि कुठल्या तरी वर्गात बसत होता.

तिसरे कारण आपण फारसे बोलत नाही. त्याच सर्वेक्षणानुसार राज्यातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के महिलांचे लग्न अठराच्या आत झाले होते. गरिबी, स्थलांतर, हुंडा ही कारणे आहेतच. पण ‘पोरगी कुणाशी तरी बोलते’ हा संशयही अनेक घरांत लग्नाची तारीख अलीकडे आणतो. मुलामुलींना नाती समजून घेता आली आणि घरच्यांना त्यावर न घाबरता बोलता आले, तर त्यातून काही मुलींचे शिक्षणही वाचू शकते.

यात नेमके काय शिकवायचे?

‘निकोप नाते’ म्हटले की डेटिंगचा क्लास असे चित्र डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात यातला मोठा भाग मैत्री, घर आणि वर्गातल्या वागणुकीचा आहे. जवळच्या मित्राने कॉपी दाखवायला सांगितली तर नाही कसे म्हणायचे, ग्रुपमध्ये एखाद्याची रोज टिंगल होत असेल तर काय करायचे, इथूनच सुरुवात होते. साधारण पाच गोष्टी महत्त्वाच्या.

एक, काळजी आणि ताबा यातला फरक. ‘पोचलीस की मेसेज कर’ ही काळजी झाली. ‘लाइव्ह लोकेशन बंद का केलंस?’ हा ताबा. पासवर्ड मागणे, ‘लास्ट सीन’वरून भांडणे, कपड्यांवर बंधने घालणे, एकेक मैत्रीण तोडायला लावणे, या गोष्टी सुरुवातीला प्रेमासारख्याच दिसतात. म्हणून त्या ओळखायला शिकवावे लागते. असा ताबा फक्त मुलगेच गाजवतात असेही नाही.

दोन, नकार देणे आणि नकार ऐकणे. आपल्याकडे मुलींना ‘नाही म्हणायला शिक’ असे सांगितले जाते. पण ‘नाही ऐकायला शिक’ असे मुलांना क्वचितच कुणी सांगते. त्यांचे शिक्षण सिनेमा करतो. तिथे हीरो तीन तास मागे लागतो आणि शेवटी ती हो म्हणते. गप्प राहणे, ‘बघू नंतर’ म्हणणे, मेसेज वाचून उत्तर न देणे हा होकार नसतो, हे वाक्य कुणीतरी वर्गात मोठ्याने म्हणायला हवे.

तीन, नाते संपणे. सतराव्या वर्षी ब्रेकअपनंतर जग संपल्यासारखे वाटते आणि ते नाटक नसते. त्या दिवसांत झोप, अभ्यास, जेवण कसे सांभाळायचे, कुणाशी बोलायचे, हे सांगता येते. ‘तू सोडलंस तर मी जीव देईन’ असे कुणी म्हणाले तर ती धमकी गांभीर्याने घ्यायची, लगेच मोठ्या माणसाला सांगायचे, पण त्या भीतीपोटी नात्यात अडकून राहायचे नाही, हेही सांगावे लागते.

चार, फोनमधले नाते. पाठवलेला फोटो परत घेता येत नाही. पण धडा फक्त पाठवणाऱ्यासाठी नको. फॉरवर्ड करणाऱ्यासाठी तो जास्त हवा. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे अश्लील छायाचित्र पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि पोक्सो या दोन्हींखाली गुन्हा आहे. ‘मी फक्त ग्रुपवर टाकला’ हा बचाव होत नाही.

पाच, आपल्या समाजाचे वास्तव. इथे नाते दोघांपुरते राहत नाही. जात, धर्म, गावातली प्रतिष्ठा मध्ये येते आणि कधीकधी जीवावर बेतते. काही मुलांना समलिंगी व्यक्तीविषयी ओढ वाटते. सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधील असे संमतीचे संबंध गुन्हा राहिलेले नाहीत, पण वर्गातली चेष्टा थांबलेली नाही. हे वगळून शिकवलेला धडा मुलांना पुस्तकी वाटेल.

सध्या काही शिकवले जाते का?

कागदावर बरेच काही आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने आयुष्मान भारतअंतर्गत शालेय आरोग्य व आरोग्यवर्धन कार्यक्रम सुरू केला. त्यात अकरा विषय आहेत. परस्परसंबंध, भावनिक आरोग्य, लिंगभाव समानता, हिंसेपासून सुरक्षितता आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे त्यातलेच. प्रत्येक शाळेत एक पुरुष आणि एक महिला अशा दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हायचे आणि आठवड्याला एक तास घ्यायचा, अशी ती रचना.

राज्यातही १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांमध्ये ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील अत्याचाराचे प्रकरण समोर आले, तेव्हा या समित्या अनेक ठिकाणी कागदावरच असल्याची चर्चा झाली. त्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने मुलग्यांना शिकवण्याची गरज आहे, तरच मुली सुरक्षित राहतील, अशा आशयाची टिप्पणी केली होती.

कनिष्ठ महाविद्यालयांपर्यंत यातले किती पोचते, हे पाहायचे तर घरातल्या किंवा शेजारच्या बारावीच्या मुलाला विचारा, ‘वर्गात यावर एक तास तरी झाला का?’ उत्तर ऐकून योजना कुठे थांबली ते कळेल.

विरोध कशामुळे होतो?

महाराष्ट्राचा इतिहास इथे गुंतागुंतीचा आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेत ते १९५३ पर्यंत चालवले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. त्याच राज्यात २००७ मध्ये शाळांमधील लैंगिक शिक्षण थांबवण्यात आले. किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रे आणि मजकूर संस्कृतीला धरून नाही, असा आक्षेप होता. इतर काही राज्यांनीही तेच केले.

हा वाद संपलेला नाही. २०२४ च्या सुरुवातीला नववीच्या एका पुस्तकातील डेटिंगविषयीच्या धड्याची पाने समाजमाध्यमांवर फिरली. लोकांनी सीबीएसईचे कौतुकही केले आणि टीकाही. शेवटी मंडळाला ते पुस्तक आपले नसल्याचा खुलासा करावा लागला. धडा चांगला होता की वाईट, यापेक्षा ‘हे आमचे नव्हे’ असे सांगण्याची वेळ आली, ही गोष्ट बोलकी आहे.

पालकांची भीती मात्र खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. ‘बोलले की मुलांना कल्पना सुचतील’ असे त्यांना वाटते. युनेस्कोने जगभरातील अभ्यासांच्या आधारे २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली. लैंगिकता शिक्षणामुळे मुलांचे लैंगिक वर्तन वाढत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आणि कल्पना सुचायचीच तर ती फोनमधून केव्हाच सुचलेली असते. वर्गात ती तपासून पाहता येते, एवढाच फरक.

कायद्याचा पेच काय आहे?

शिक्षकांची खरी अडचण इथे आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने किंवा मुलाने दिलेल्या लैंगिक संमतीला कायद्यात अर्थ नाही. लैंगिक हेतूने केलेला स्पर्शही गुन्हा ठरू शकतो. दोघे एकाच वर्गातले, एकाच वयाचे असले तरी मुलावर गुन्हा दाखल होऊ शकतो. तो सोळा ते अठरामधला असेल आणि आरोप अतिगंभीर असेल, तर त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, याचा विचार करण्याची तरतूद २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ मधील अहवालात संमतीचे वय अठराच ठेवावे, असे म्हटले. सोळा ते अठरा वयातील प्रकरणांत न्यायालयाला विवेकाधिकार असावा, अशी शिफारसही त्याने केली.

दुसरी बाजू म्हणजे कळवण्याची सक्ती. गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणीही ती पोलिसांना देणे पोक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे आणि न दिल्यास शिक्षा आहे. समजा एका मुलीने मॅडमना विश्वासाने काही सांगितले. आता मॅडम गप्प राहिल्या तर कायदा मोडतात आणि कळवले तर पुढची मुलगी सांगायला येणार नाही. अनेक शिक्षक म्हणूनच हा विषय काढत नाहीत.

यावर उपाय आहे तो प्रामाणिकपणाचा. पहिल्याच तासाला सांगायचे, ‘तुम्ही इथे विचारलेला कुठलाही प्रश्न चुकीचा नाही. पण कुणावर अत्याचार झाल्याचे मला कळले, तर ते मला कळवावे लागेल आणि तेव्हा मी तुमच्यासोबत असेन.’ मग मुले ठरवू शकतात काय, कुणाला आणि कसे सांगायचे. त्याच वेळी हेही सांगायला हवे की बोलणे, आवडणे, मैत्री करणे, टपरीवर सोबत चहा पिणे हा गुन्हा नाही. कायद्याचा धाक दाखवताना ही रेघ पुसली की मुले अख्खा विषयच लपवतात.

नकाराबाबत कायदा अगदी स्पष्ट आहे. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही वारंवार संपर्क साधणे, पाठलाग करणे, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. हे कलम अकरावीच्या किती मुलांना माहीत असेल?

अशा तासांचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, पण जादू होत नाही. हरियाणातील ३१४ सरकारी शाळांवर झालेला अभ्यास यासाठी पाहण्यासारखा आहे. त्यातील १५० शाळांत सातवी ते दहावीच्या मुलांसोबत अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांनी एकदा, लिंगभावावर चर्चेचे तास झाले. कार्यक्रम ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेचा होता. मागास मतांपैकी सुमारे १६ टक्के मते बदलली आणि कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही तो परिणाम टिकला. मुलगे घरकामात अधिक हात लावू लागले. मुलींची मते बदलली, वागणे मात्र तितके बदलले नाही. कारण त्यांचे निर्णय त्यांच्या हातात नव्हते.

मुंबईतही २००८ पासून महापालिकेच्या ४५ शाळांमध्ये ‘जेम्स’ नावाचा असाच प्रयोग झाला होता. कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संस्थांनी सहावी-सातवीच्या मुलांसोबत तो केला. झारखंडने तर २००६ पासून ‘उडान’ कार्यक्रम सरकारी शाळांत नेला. म्हणजे साहित्य आहे, अनुभव आहे. अकरावी-बारावीच्या वर्गापर्यंत तो आणायचा बाकी आहे.

वर्गात हे कसे बसवता येईल?

नवा विषय, नवे पुस्तक, नवी परीक्षा असे काही नको. बारावीच्या वर्षात त्याला जागाही मिळणार नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत आरोग्य व शारीरिक शिक्षण हा श्रेणीचा विषय आधीच आहे. त्यातले दहा-बारा तास अकरावीत यासाठी राखून ठेवता येतील. प्रवेशानंतरचे पहिले सत्र सर्वांत योग्य, कारण तेव्हा ओळखी नव्या असतात आणि परीक्षेचा ताण कमी असतो.

पद्धत भाषणाची नको. ‘चांगले वागा’ असे सांगणारा तास मुले मोबाइल बघत काढतात. त्याऐवजी छोटा प्रसंग द्यावा. उदाहरणार्थ : ‘पासवर्ड दे ना, लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?’ असे तो म्हणतो. तिला द्यायचा नाही, पण भांडणही नको आहे. ती काय म्हणेल? तो पुढे काय म्हणू शकेल? मुलामुलींनी चार-पाच जणांच्या गटात उत्तरे लिहायची, मग वर्गात वाचायची. दुसरा प्रसंग : मित्राला मुलीने नाही सांगितले आणि तो तुम्हाला म्हणतो, ‘चल, तिच्या क्लासबाहेर थांबू.’ तुम्ही जाल का? या दुसऱ्या प्रश्नाला जास्त महत्त्व आहे. पाठलाग करणारा बऱ्याचदा एकटा नसतो. त्याच्या गाडीवर मागे बसलेला, ‘जा रे, बोल’ म्हणणारा मित्र असतो. त्या मित्राने ‘राहू दे, चल घरी’ म्हटले तर बरेच काही तिथेच थांबू शकते.

सोबत निनावी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. बहुतेक तास मुलामुलींचे एकत्र घ्यावेत, काही वेगळे. शिक्षकांना किमान काही दिवसांचे प्रशिक्षण द्यावे आणि ज्यांना हा विषय अवघड वाटतो त्यांच्यावर तो लादू नये. क्लास आणि होस्टेल चालवणाऱ्यांनाही यात ओढायला हवे, कारण मुले दिवसाचा मोठा वेळ तिथेच असतात.

पालकांनी काय करावे?

सुरुवातीलाच पालकसभा घेऊन काय शिकवणार ते दाखवले, तर निम्मा विरोध मावळेल. घरी मोठ्या चर्चेची गरज नाही. एखादी बातमी, मालिकेतला प्रसंग निघाला की ‘तुला काय वाटतं?’ एवढे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. मुलीने त्रासाबद्दल सांगितले तर पहिले वाक्य ‘कॉलेज बंद’ हे नसावे. त्याच भीतीने मुली शेवटपर्यंत बोलत नाहीत. मुलाने ‘ती नाही म्हणाली’ असे सांगितले तर हसण्यावारी नेऊ नये. त्या संध्याकाळी त्याच्याशेजारी बसणारे कुणीतरी हवे असते.

मदत कुठे मिळेल?

अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, महिलांसाठी १८१, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि तातडीच्या वेळी ११२. फोटो किंवा व्हिडीओवरून कुणी धमकावत असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते. चॅट आणि स्क्रीनशॉट पुसू नयेत. पैसे किंवा आणखी फोटो देऊन धमकी थांबत नाही.

मुद्दा काय?

सप्टेंबर २०२४ मध्ये बाल अश्लीलतेवरील निकालात सर्वोच्च न्यायालयाने सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरज अधोरेखित केली. केंद्राची योजना आहे, राज्याचा शासन निर्णय आहे, प्रयोगांचे निष्कर्ष आहेत. आता हवा आहे वेळापत्रकातला एक तास आणि तो घ्यायला तयार असलेला एक शिक्षक.

थोडे काम आमच्याकडेही आहे. नकार मिळाल्यावर केलेल्या हल्ल्याला ‘प्रेम’ म्हणायचे आम्ही बातमीदारांनी थांबवायला हवे. अकरावीतला मुलगा क्लासला जाताना फोनवर तोच मथळा वाचत असतो. हल्ला हे प्रेमाचेच टोक आहे, हे त्याला आम्हीच शिकवतो आहोत. ‘नकार दिल्याने तरुणीवर हल्ला’ असे लिहायला अक्षरे जास्त लागत नाहीत.